सातपट वेगाची डिस्क

चालत्या गाड्याला खीळ कशी घालतात हे कुणाला बघायचं असेल, तर त्याने सुबोध वानखडेच्या हातात एक बारीक स्क्रू-ड्रायव्हर द्यावा आणि मोकळा रविवार द्यावा. माणूस वाईट नाही. उलट इतका चांगला, की सोमवारी बायकोची मुलाखत आहे म्हटल्यावर तिच्यासाठी काहीतरी केल्याशिवाय त्याला चैन पडेना. दुसरा एखादा नवरा असता तर त्याने सकाळचा चहा करून दिला असता. सुबोधने तिचा लॅपटॉप पालथा घातला आणि स्क्रू काढायला घेतले.

"अरे, तो चांगला चालतोय की," अश्लेषा म्हणाली. तिच्या हातात कणीक होती, नाहीतर तिने लॅपटॉप ओढूनच घेतला असता.

"चालून राहिला ना, पण कसा?" सुबोध अमरावतीचा. नोकरीच्या बदल्यांनी अर्धा देश फिरला तरी त्याची भाषा काही बदलली नव्हती. "ह्या आतल्या डिस्कचा, एसएसडीचा, वेग सेकंदाला पाचशे एमबीच्या आसपास. नवी डिस्क साडेतीन हजार देते. सातपट झाला का नाही, सांग."

"माझा भूगोलाचा पाठ उघडायला किती वेळ लागेल?"

"डोळ्याचं पातं लवत नाही तोच."

"आत्ता तेवढाच लागतोय."

सुबोधने तिच्याकडे दयेने पाहिलं. समोर आकडे ठेवल्यावरही ज्याला पटत नाही, अशा माणसाचं काय करावं हे त्याला कधीच कळलेलं नाही.

त्याचं अगदीच चूक होतं असं नाही. भोपाळला होते तेव्हा ह्याच लॅपटॉपात जुनी, फिरणारी हार्डडिस्क होती. तो सुरू व्हायच्या आत डाळीचा कुकर होऊन जायचा. एक फाईल उघडायला सांगावी आणि दळण टाकून यावं, असा सगळा कारभार. तेव्हा सुबोधने ती काढून एसएसडी बसवली आणि यंत्राने कात टाकली. अश्लेषा महिनाभर जो भेटेल त्याला सांगत होती, की आमच्या ह्यांच्या हातात जादू आहे. तेच नडलं. एकदा मिळालेली शाबासकी माणसाला पुन्हा हवी असते, आणि ती त्याच दुकानात मिळेल असं त्याला वाटत राहतं. पण गिरणीवरून दळण तासाने यायचं ते दहा मिनिटांत यायला लागलं, तर बाईला फरक कळतो. दहाचं दोन मिनिटांवर आलं, तर पोळी काही लवकर भाजत नाही.

संध्याकाळपर्यंत जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर उतरलं. वेग मोजायचा कसलासा प्रोग्रॅम लावून सुबोधने तिला हाक मारली. पडद्यावर मोठाले हिरवे आकडे होते. त्याने तिला ब्राउझर उघडून दाखवला, तिचा पाठ उघडून दाखवला, बंद करून पुन्हा उघडून दाखवला.

"जाणवते ना फरक?"

अश्लेषाला काही म्हणता काही जाणवत नव्हतं. पण त्याच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती, की ती म्हणाली, "हो रे. खूपच."

हे खोटं तिला महागात पडणार होतं. कारण फरक जाणवतो म्हटल्यावर सुबोधला आणखी थोडा फरक काढून दाखवायची हुक्की आली.

सोमवारी सकाळी ऑफिसला निघता निघता त्याने लॅपटॉप पुन्हा उघडला. मशीन सुरू होताना आधी जे मुळातलं सॉफ्टवेअर चालतं ना, बायोस म्हणतात त्याला, ते जुनं झालंय, नव्या डिस्कला पुरता वाव देत नाही, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. त्याने ते नवं करायला लावलं आणि बूट चढवले. "आपोआप होऊन राहिलं. झालं की बंद होईल. तू मुलाखतीच्या आधी फक्त चालू कर, आणि मग पाहाय मजा," असं सांगून तो, ते राहायचे त्या झिरकपूरच्या गर्दीत गाडी घालून, चंडीगढच्या दिशेने निघून गेला.

अश्लेषाने अंघोळ केली, निळा कुर्ता घातला, खुर्चीमागच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. मुलाखत अकराला होती. ऑनलाइन, पुण्याहून. शाळांसाठी भूगोलाचे मराठी पाठ तयार करणारी एक संस्था होती. उमेदवाराने स्वतः तयार केलेला पाठ पडद्यावर दाखवून शिकवायचा, ही त्यांची अट. काम घरून करायचं. माणूस कुठल्याही गावात असो.

हे शेवटचं वाक्य जाहिरातीत अश्लेषाने तीनदा वाचलं होतं. बडोद्याला तिने शाळेत दोन वर्षं भूगोल शिकवला आणि बदली झाली. भोपाळला एका शाळेत कायम होणार होती, तोच बदली झाली. जोधपूरला तर कुणी घेतलंच नाही. तुम्ही राहणार किती दिवस, असं तोंडावर विचारायचे. तिथून चंडीगढला यायच्या आधी तिने इथल्या तीन शाळांना अर्ज पाठवले होते, चांगल्या तयारीने, आपल्या शिकवण्याचे नमुने जोडून. इथे आल्यावर दोन-तीन महिने रोज ई-मेल उघडून बघितला. कुणाचंही उत्तर आलं नाही. मग तिने बघणं सोडून दिलं. आपण आता जुन्या झालो, मधली वर्षं रिकामी गेलेली बाई कुणाला नको असते, हे तिने मनाशी पक्कं केलं आणि वर्षभर कुठेही अर्ज केला नाही. ही नोकरी मात्र बदलीने सुटणार नव्हती. म्हणून शेवटचा एक अर्ज.

पाठ तिने घग्गर नदीवर केला होता. घराजवळच्या पुलावरून वर्षभर काढलेले फोटो होते, उन्हाळ्यातली नुसती वाळू होती, पावसाळ्यातला लोंढा होता, आणि हीच नदी पुढे राजस्थानच्या वाळवंटात समुद्राला न मिळताच कशी जिरून जाते ते दाखवणारे तिने स्वतः काढलेले नकाशे होते. सगळं त्या लॅपटॉपात. बाहेर इंटरनेटवर कुठे ठेवलेलं नव्हतं, कारण सरकारी नोकराच्या घरच्या फाईली परक्याच्या कपाटात ठेवू नयेत, हा सुबोधचा नियम.

हाताशी भरपूर वेळ ठेवून तिने बटण दाबलं.

पडदा निळा झाला. त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, की ह्या मशीनमध्ये बदल झालेला आढळला आहे, डिस्कला कुलूप आहे, पुढे जाण्यासाठी चावीचे आकडे भरा. खाली रिकाम्या चौकटींची रांग होती.

तिने बंद करून पुन्हा चालू केला. निळा पडदा. पुन्हा केला. आता तर तो आणखी लवकर आला.

"सुबोध," ती फोनवर म्हणाली, "हा कसली तरी चावी मागतोय."

पलीकडे सुबोधचा आवाज एकदम सावध झाला. पंधरा वर्षांच्या संसारात तिने त्याचा असा आवाज दोनदाच ऐकला होता, आणि दोन्ही वेळेला काहीतरी मोडलेलं होतं.

"निळा पडदा आहे का?"

"हो. तुझी सातपट वेगाची डिस्क उघडत नाहीये."

"थांब, घाबरून नको जाऊ. बायोस बदललं ना, म्हणून त्याला वाटून राहिलं की लॅपटॉप चोराच्या हातात पडला."

"मग त्याला सांग ना चोर नाही म्हणून! जुनी डिस्क परत बसवू का? ती ड्रॉवरमध्ये आहे."

"तिच्यावरही तेच कुलूप. आणि बायोस मागं नाही जात ह्या मॉडेलचं." मग हळू आवाजात, "ती चावी कंपनीकडं तुझ्या नावाच्या खात्यात असते. फोनवरून खातं उघड, तिथं आकडे दिसतील. ते भरले की उघडते. मी निघालोच."

"तू येऊन काय करणार?"

तो तोवर निघालाच होता.

अश्लेषाने फोनवर खातं उघडायला घेतलं. पासवर्ड आठवेना. लॅपटॉप रोज चार आकडी पिनने उघडायचा, पासवर्ड लागतोय कुणाला? विसरलात का, असं खाली निळ्या अक्षरांत विचारलं होतं. ती हो म्हणाली. मग आम्ही तुमच्या फोनवर एक कोड पाठवतो, असं पडद्यावर आलं, आणि पुढे लपवलेल्या आकड्यांच्या जागी चांदण्या आणि नंबराचे शेवटचे दोन आकडे. सात, चार.

तिच्या नंबराचे शेवटचे आकडे ते नव्हते. सुबोधच्याही नव्हते. तिने पडद्याकडे पुन्हा बघितलं, आणि मग ओळख पटली. सात-चार हा जोधपूरचा नंबर होता. तिचाच, पण जोधपूरचा.

वानखड्यांच्या घरातली ही जुनी रीत. नवं गाव, नवा नंबर. सुबोधचे वडील राजाभाऊ टपाल खात्यात होते, त्यांनी आयुष्यभर बदल्या भोगल्या, आणि गाव सुटलं की त्या गावाचे धागे तोडून टाकायचे, मागे बघायचं नाही, हे त्यांनी मुलाला शिकवलं. गॅस, दूध, पेपर, शेवटी फोन. मोबाइल आले तेव्हा दुसऱ्या राज्यात बोलायला जास्त पैसे पडायचे म्हणून ती रीत सोयीचीही होती. ते दिवस गेले, लोक एकच नंबर घेऊन देशभर फिरायला लागले, पण सुबोधच्या घरी सामानाचा ट्रक निघाला की दोन्ही सिमकार्डं बंद व्हायची. "हाच राहू दे की, सवयीचा झालाय," असं अश्लेषा जोधपूर सोडताना म्हणाली होती. "जुन्या गावचे भंगारवाले फोन करून राहतील," असं म्हणून त्याने दोन नवी कार्डं आणली. तो विषय तिथेच संपला होता. लॅपटॉपच्या खात्यावर कुठला नंबर आहे, हे बघायचं त्या गडबडीत कुणाला सुचणार?

तिने पुण्याला फोन लावला. अर्धा तास पुढे ढकलता येईल का? तिथली मुलगी गोड बोलली. आजच्या समितीतल्या पद्मिनीताई साडेअकरा वाजता निघणार आहेत आणि आजचा शेवटचा दिवस आहे. "नाही जमलं तर तुम्ही पुढच्या वेळी अर्ज करा ना, मॅडम," असंही म्हणाली. पुढच्या वेळी! अश्लेषाने फोन ठेवला आणि तिला रडू फुटेल असं वाटलं. ते तिने गिळलं, कारण रडायला वेळ नव्हता.

जोधपूरचा नंबर तिला अजून तोंडपाठ होता. तिने तो लावला. स्वतःच्याच नंबरावर रिंग वाजताना ऐकणं विचित्र असतं. आपल्याच घराचं दार वाजवावं आणि आतून दुसऱ्याच कुणाच्या चपला वाजाव्यात, तसं.

"हाँ जी, कौन?" म्हाताऱ्या माणसाचा खरखरीत आवाज होता.

"नमस्ते अंकल. मैं चंडीगढ़ से बोल रही हूँ. आपका जो नंबर है ना, वो पहले मेरा था. मुझे आपकी थोड़ी मदद चाहिए. आपके फोन पर अभी एक कोड आएगा, वो अगर आप मुझे बता दें तो..."

फोन कट.

त्याचं तरी काय चुकलं? देशातल्या प्रत्येक बँकेने, प्रत्येक रेडिओने त्याला हेच बजावलं होतं, की असा फोन आला तर ठेवून द्या. तिने पडद्यावरचं कोड पाठवायचं बटण दाबलं आणि पुन्हा फोन लावला. त्याने उचलला तो ओरडतच.

"शरम नहीं आती? बुज़ुर्ग आदमी को लूटोगे? अरे मैं तो ओटीपी अपने बेटे को भी ना बताऊँ! सायबर थाने में दे दूँगा नंबर तुम्हारा!"

"अंकल, बँक का नहीं है. सच में नहीं है. मेरा लॅपटॉप बंद हो गया है, थोड़ी देर में मेरा इंटरव्ह्यू है. आप मेसेज पढ़ लेना, उसमें पैसों की बात कहीं नहीं होगी. मैं चोर नहीं हूँ, अंकल. मैं टीचर हूँ. मेरा नाम अश्लेषा है, अश्लेषा वानखडे, मेरे पति की जोधपूर में पोस्टिंग थी..."

ती बोलता बोलता थांबली. पलीकडून शिव्या यायच्या थांबल्या होत्या.

"क्या नाम बताया?"

"अश्लेषा."

"वो नक्षत्र वाला?"

"हाँ जी, वही."

"अरे रे रे," म्हातारा म्हणाला, आणि त्याचा आवाजच पालटला. "आप हो वो अश्लेषा मॅडम? मेरा पोता इसी नक्षत्र में हुआ, हमने तो अशुभ मानकर शांति करवाई. मैंने घरवाली से कहा भी, देखो, ये कौन लोग हैं जो लड़की का नाम ही ये रख दिए! इसीलिए याद रह गया. आपके तो बहुत फोन आते थे."

"मेरे?"

"पिछले साल. ये नंबर नया-नया लिया था मैंने. चंडीगढ़ से आते थे. किसी स्कूल से. एक मॅडम थी, बड़ी भली, कई बार किया उसने. बोलती थी, अश्लेषा जी से बात करवा दो, उनको पढ़ाने के लिए रख लिया है, कब से आएँगी. मैंने कहा बाईसा, राँग नंबर. फिर वो बोली, कहीं मिलें तो कह देना. अब मैं कहाँ कहता?"

अश्लेषा खुर्चीत बसली होती ती उठून उभी राहिली. का, ते तिला सांगता आलं नसतं. रख लिया है. म्हणजे घेतलं होतं. ज्या महिन्यांत ती रोज सकाळी ई-मेल उघडून बघत होती आणि दुपारी आरशात बघून आपण संपलो असं स्वतःला समजावत होती, त्याच महिन्यांत चंडीगढमधली एक भली बाई जोधपूरला फोन करून करून तिला शोधत होती. अर्जावर नंबर जोधपूरचाच होता, आणि त्या बाईंनी ई-मेल न करता फोनच केले होते. सहा-सात किलोमीटरवर असेल ती शाळा. कदाचित त्याहून जवळ.

कुठली शाळा? हा प्रश्न तिच्या अगदी ओठावर आला. त्या बाईंचं नाव काय होतं? महिना कुठला होता? तिला त्या म्हाताऱ्याकडून एकेक शब्द काढून घ्यायचा होता. तेवढ्यात तो म्हणाला, "मॅडम, ये कुछ आया है. अंग्रेज़ी में है. लिखा है, थोड़ी देर में बेकार हो जाएगा."

भिंतीवरचं घड्याळ समोर होतं. अकराला फारच थोडं उरलं होतं.

"अंकल, नंबर पढ़िए. जल्दी."

त्याने एकेक आकडा पाढे म्हटल्यासारखा मोठ्याने वाचला. तिने स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला आणि बोटांनी आकडे दाबले. गोल फिरायला लागलं, फिरत राहिलं, आणि खातं उघडलं.

"हो गया? चलो, राम जी की कृपा. माफ करना, मॅडम, मैंने आपको चोर बोला. आपका नंबर मैं सँभाल के रखूँगा," म्हातारा म्हणाला. त्याला आणखी बोलायचं होतं. तिने मध्येच आभार मानले आणि फोन ठेवला, आणि ठेवल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली.

खात्यात चावी होती, आकड्यांची लांबलचक माळ. फोनवरून बघायचं आणि लॅपटॉपवर भरायचं. सगळे भरून झाले, तर पडद्यावर आलं, चावी चुकीची आहे. सुबोधचा फोन वाजायला लागला, तिने तो कापला. तो पुन्हा वाजला, पुन्हा कापला. मग तिने पहिल्यापासून, ओठ हलवत, प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणत भरला. एका तीनाच्या जागी मघाशी आठ पडला होता.

निळा पडदा गेला. तिचा नेहमीचा पडदा आला. तिने पाठावर बोट ठेवलं आणि तो उघडला. डोळ्याचं पातं लवायच्या आत, जशा गेली पाच वर्षं सगळ्या फाईली उघडत होत्या तसाच.

अकराला ती हजर होती. समोर तीन चौकटी होत्या, मधल्या चौकटीत पद्मिनीताई, पांढरे केस मागे बांधलेल्या, चष्म्यावरून बघणाऱ्या.

तिने पाठ सुरू केला. घग्गर कुठे उगम पावते ते सांगताना ती अडखळली, आणि उजवीकडच्या चौकटीतल्या गृहस्थांनी काहीतरी लिहून घेतलं. मग तिने उन्हाळ्यातला फोटो लावला. त्यात पुलाखाली वाळूत मुलं क्रिकेट खेळत होती. "मुलांनो, हे मैदान नाही," ती म्हणाली, "ही नदी आहे. जुलैमध्ये ह्याच स्टंपांवरून पाणी जातं." तिथून पुढे तिला कशाचीच आठवण राहिली नाही. ती शिकवत होती. कितीतरी वर्षांनी शिकवत होती, आणि हात आपोआप फळ्याच्या दिशेने उठत होता.

पाठ संपला. पद्मिनीताईंनी चष्मा काढला.

"चांगला आहे. नकाशे तुम्हीच काढलेत?"

"हो."

"मला एक सांगा, अश्लेषाताई. इतकं नीट शिकवणारी बाई एवढी वर्षं घरी का बसली?"

हा प्रश्न तिला पूर्वी सगळ्यांनी विचारला होता आणि त्याचं उत्तर तिच्याकडे घोटून तयार होतं. नवऱ्याच्या बदल्या, मग हळूहळू संधी मिळेनाशा झाल्या. तेच ती देणार होती. तिने तोंड उघडलं आणि दुसरंच बाहेर आलं.

"मला गेल्या वर्षी इथल्या एका शाळेने घेतलं होतं. पण आम्ही गाव बदललं की फोनचा नंबर बदलतो. त्यांचे फोन जुन्या नंबरावर गेले. मला हे आज सकाळी कळलं, अर्ध्या तासापूर्वी. तोपर्यंत मी समजत होते की मी कुणालाच नको आहे."

उजवीकडच्या गृहस्थांनी लिहिणं थांबवलं. अशी उत्तरं मुलाखतीत द्यायची नसतात हे तिला कळत होतं, पण शब्द निसटून गेले होते. पद्मिनीताईंनी चष्मा पुन्हा घातला.

"आजच फोन करू," त्या म्हणाल्या. "अर्जावर आहे तो नंबर चालू आहे ना?"

"चालू आहे."

लॅपटॉप मिटून ती वळली, तर दारात सुबोध उभा होता. बूट पायात, गाडीची किल्ली मुठीत, घामाने शर्ट चिकटलेला. झिरकपूरच्या चौकात गाडी अडकली तेव्हा ती तशीच कडेला लावून तो उरलेलं अंतर चालत आला होता. तो कधीपासून उभा होता तिला कळलं नाही. पण त्याच्या चेहऱ्यावरून कळलं, की त्याने ऐकलं होतं.

"कोणत्या शाळेनं?" त्याने विचारलं.

"माहीत नाही. विचारायचं राहिलं. कोडची वेळ संपत होती."

"मी फोन करून विचारू त्यांना?"

"नको."

तो आत आला आणि चुलत्याच्या घरी बसावं तसा सोफ्याच्या कडेवर बसला. त्याने किल्ली टेबलावर ठेवली.

"मी मुद्दाम नाही केलं, अश्लेषा."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "मुद्दाम केलं असतंस तर तुझ्याशी भांडता तरी आलं असतं."

हे लागलं त्याला. लागावं म्हणूनच ती बोलली होती, आणि लागल्यावर तिला बरंही वाटलं नाही. तिला राग आला होता, भयंकर राग, पण त्या रागाला धरायला जागाच सापडत नव्हती. डिस्क काय, सिमकार्ड काय, ह्या माणसाने जे केलं ते सगळं घरासाठी केलं, आणि त्यातलं एकही तिला विचारून केलं नाही. आणि तिने? तिनेही दर वेळी खूपच फरक जाणवतो म्हणून सांगितलं.

"सुबोध, ऐक. नीट ऐक. आता बदली कुठेही होवो, माझा हा नंबर बंद होणार नाही. लॅपटॉपलाही मी सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि नवीन काही बसवलंस आणि मला फरक कळला नाही, तर मी कळला नाही असंच सांगणार."

"काल कळला नव्हता?"

"अजिबात नाही."

त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "मलाही नव्हता कळला. आकड्यांवरून वाटलं."

ती हसायला गेली आणि त्याचं रडू झालं. सकाळपासून गिळलेलं सगळं बाहेर आलं. सुबोध उठून तिच्याजवळ आला, पण तिला हात लावायचा की नाही हे त्याला ठरवता येईना. तो नुसता शेजारी उभा राहिला. तेवढंच त्या वेळी बरोबर होतं.

दुपारी तो ऑफिसला परत गेला नाही. त्याने वरणभात लावला. दोघं जेवत असताना टेबलावर तिचा फोन वाजला. फोन त्याच्या बाजूला होता, आणि घरातला कुठलाही फोन आपणच घ्यायचा ह्या सवयीने त्याचा हात पुढे गेला. अर्ध्यात थांबला. त्याने बोटाच्या टोकाने फोन तिच्याकडे सरकवला.

"अश्लेषाताई ना? पद्मिनी बोलतेय, पुण्याहून. आम्ही तुम्हाला घेतलंय. एक तारखेपासून सुरू करा, आणि पहिला पाठ घग्गरचाच असू दे."

अश्लेषाचा भाताचा हात तसाच हवेत राहिला होता. भाताचा हात तसाच हवेत राहिला होता.

"हॅलो? ऐकू येतंय ना?"

"येतंय," ती म्हणाली. "पुन्हा एकदा सांगता?"